टिकलीखालचं कपाळ

माहेर माझं शीळफाट्याकडचं, लग्न होऊन कोपरीत आलेली, नवरा रिक्षा चालवतो, अजून चालवतो, हे आधीच सांगते, कारण माझं मोकळं कपाळ बघून लोक मला विधवा समजतात आणि माझं डोकं फिरतं. अहो, आत्ता चहा पिऊन गेलाय तो, चांगला ठणठणीत आहे.

टिकलीशिवाय दारात जायचं नाही, हे सासूने शिकवलेलं. रोज त्याच जागी लावायची, झोपताना आरशाला चिकटवायची. मग तिथे खाज सुटली, पांढरा ठिपका आला. मग मी काय केलं सांगू तुम्हाला, कुठलीही बाई करेल तेच केलं, वर मोठी टिकली लावली. डाग वाढला की टिकली वाढवायची. शेवटी तीपण पुरेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, टिकलीच्या गोंदाने झालंय, रक्तातलं नाही, मुलीला जाणार नाही, आधी टिकली बंद करा. म्हणजे ज्याने झाकत होते त्यानेच वाढत होतं! पाकिटावर मोर छापलाय, याबद्दल एक अक्षर नाही. जाब कोणाला विचारू?

पण खरा राग त्याचा नाही. माझ्या पोरीला, वैशालीला, डोंबिवलीचं स्थळ आलेलं, दोघांची पसंती झालेली. बोलणी करायला आले तर मुलाची आई माझं कपाळ बघून म्हणे, कोड घराण्यात असतं, उद्या नातवंडांना होईल. मी सगळं समजावलं. तर म्हणे, आमचं काही नाही हो, लोक बोलतात, लग्नात तेवढी मोठी टिकली लावा. अरे, लोक म्हणजे तुम्हीच ना? आणि समजा असतंच घराण्यातलं, तर काय माणूस टाकून द्यायचं?

हे आत्ता बोलते. तेव्हा पोरीसाठी मान हलवली, लावते म्हटलं.

वैशाली म्हणाली, आई, थांब. मग त्यांना म्हणाली, काकू, माझी आई लग्नात अशीच उभी राहील, चालत नसेल तर चहा घ्या आणि निघा.

चहा न घेताच निघाले. मुलगा खाली बघून चपला घालत होता. पोरीला तो आवडलेला, आत जाऊन रडली ती. तो राग माझा गेलेला नाही, जाऊपण नये.

आता ती कामावर निघाली की मी मनात म्हणते, जा बाई, तुझं कुठेतरी चांगलं होईल, आणि तुझ्या घरात कोणाला काही झाकायला लागू नये.