पापलेट, मांजर आणि काचबिंदू

...आणि वर दवाखान्यात मलाच बोलतात, मैनामावशी, आधी का नाय आलात? अरे, कशाला येऊ? दुखत नाय, खुपत नाय, लाल नाय... पनवेलच्या बाजारात मासळी विकणारी बाई धंदा सोडून डोळे दाखवत फिरते काय?

तुमाला सांगते, माज्या पाटीतली पापलेटं जायला लागली. डावीकडची. आता डावीकडं बसते कोण? गोदू. माज्या लग्नापासूनची शेजारीण. मी पाळत ठेवली, आणि एक दिवस बघते तर कुठनं तरी गोदूचा हात एकदम माज्या पापलेटावर! धरलं मनगट. ती बोलते, "अगं, मांजर हाकलते." कुठाय मांजर? मला नाय दिसलं. मंग मी भर बाजारात तिचं खानदान काढलं, कामोठ्याची एक बाई तर बोंबील न घेताच पळाली. गोदू उठली नि पार टोकाला, गटाराजवळ जाऊन बसली. शी! आणि पापलेटं? दुप्पट जायला लागली.

शेवटी माज्या नजरेचाच संशय येऊन पोरीनं, भावनानं, डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं एका मोठ्या वाडग्यासारख्या मशिनीत तोंड घालायला लावलं, हनुवटी टेकून, एक डोळा झाकून. मधल्या दिव्याकडं बघायचं, बाजूला चमकलं की बटण दाबायचं. जिनं जलमभर तिरक्या नजरेनं गिऱ्हाईक पकडलं ती मधी बघेल? ती मशिनवाली सारखी कावते, "मावशी, मधी बघा." बघितलं बाई मधी! डावीकडं तर कितीतरी वेळ काय चमकेचना, मला वाटलं लाईट गेली.

डॉक्टर बोलला, काचबिंदू. त्याच्यात पण जाती हायत, मासळीसारख्या! एक येतो धाडकन, डोळा ठणकतो, ओकाऱ्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. एकात डोळ्यातला दाब वाढलेला नसतो, तरी मधल्या नजरेच्या अगदी जवळ आंधळं भोक पडतं. आणि माजा? कडेकडनं कुरतडत येतो मेला, दुखत नाय, खुपत नाय. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेली, उजव्याची नाकाकडची, म्हंजे डावीकडचं सगळंच गेलं. बरं, काळं तरी दिसावं? नाय. जे दिसत नाय ते मेंदू आपल्या मनानं भरून टाकतो. तिकडं मांजर पापलेट खातंय, नि माजा मेंदू मला स्वच्छ फरशी दाखवतोय! माज्याच डोक्याची किळस आली मला. बोलले, डॉक्टर, मला तो ठणकणारा का नाय झाला? कळलं तरी असतं. तर बोलतो, गेलेली नजर येणार नाय, उरलेली थेंबांनी टिकवू.

मंग गेले गटाराजवळ. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. बोलले, "गोदू, मांजर होतं."

"कबरं होतं. सगळ्या बाजारानं बघितलं." एवढंच बोलली, पाटी उचलली नि आली परत डावीकडं.

आता दिवसभर सांगत बसते... मांजर आलं, रिक्षा आली, तुजी नणंद आली, बघू नको तिकडं... अगं, मला दिसतंय कुठं, बघायला? सकाळ-संध्याकाळ डोळ्यात थेंब, नि दिवसभर कानात गोदू. डॉक्टर बोलला, थेंब मरेपर्यंत घालायचे. गोदूचं मी इचारलंच नाय.