भोंग्याचं गाणं

हसू नका रं, माझं डोकं अजून तापलेलंच हाय.

कॉलेजात असताना आमी मोहोपाड्यातल्या चौघांनी पंक बँड काढला होता. गिटारच्या तीन कॉर्ड आणि बाकी नुसती बोंबाबोंब. त्यातलं एकच गाणं गाजलं, 'भोंगा का नाय वाजला?' ते सुचलं कशावरून? शेजारच्या कंपनीतून गॅस सुटला, अख्खी आळी खोकत, डोळे चोळत रस्त्यावर आली, आणि रोज शिफ्ट सुटताना कान फाडणारा भोंगा त्या दिवशी गप्प! ती चीड होती आमची.

काल त्याच कंपनीतल्या सेफ्टीच्या साहेबाचा फोन. "सुरक्षा सप्ताहात तुमचं ते गाणं म्हणा ना. फार छान संदेश आहे!"

"अहो साहेब, त्या गाण्यात आमी तुमालाच शिव्या घातल्यात!"

"मग तेवढी ओळ बदला. 'भोंगा वेळेवर वाजला' असं करा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "बदलतो. आधी तुमचा भोंगा वाजवा, मला फोनवर ऐकू द्या."

साहेब म्हणाला, "तो सध्या बंद आहे हो. म्हणून तर तुम्हाला बोलावतोय!"