लाडवांची भीती

अगं, आमची इथे अमेरिकेत वाढणारी पाच वर्षांची इरा! मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्येच. परवा तिला जपानी लोककथा सांगितली. एक लबाड माणूस म्हणतो, मला गोड बनची भीती वाटते. मित्र त्याला घाबरवायला खोलीत ढीगभर बन टाकतात, आणि हा सगळे फस्त करतो!

काल जवळच्या हर्नडन गावातल्या काकूंनी लाडू आणले. मी इराला दटावलं, "एकच हं!"

ती माझ्यामागे लपली आणि चक्क मराठीत म्हणाली, "काकू, मला लाडवांची खूप भीती वाटते."

काकूंनी गंमत म्हणून अख्खं ताट तिच्यासमोर धरलं. तीन लाडू गट्टम! वर म्हणते, "आता चकलीची भीती वाटते."

काकू म्हणाल्या, "अगं, पोरीला खोटं बोलायला शिकवतेस?"

"नाही काकू, मराठी बोलायला!"