खुर्चीवरचा स्वेटर

सिडनीच्या क्लबात जुगाराच्या मशीनवर सकाळपासून हरलेला डेस जेवणाच्या रांगेत उभा होता. त्याच्या पुढे दोन म्हाताऱ्या.

"मर्ल, तुझा लेक ही मशीनं बनवतो ना? खरं सांग, लबाडी असते का गं?"

"छे! बटण दाबलं की दरवेळी नवा डाव. आधी किती गिळलं, ते मशीनला आठवतसुद्धा नाही."

"म्हणजे कुठंही बसलं तरी सारखंच?"

"अगदी सारखंच."

"मग खुर्चीवर स्वेटर कशाला टाकून आलीस?"

"जागा धरायला."

"सारखंच आहे ना? मग मीच बसते तिथं. माझी श्निट्झेलची प्लेट तेवढी घे."

"ग्लेनिस, खबरदार! सकाळपासून भरवतेय मी त्याला. आता कुठे द्यायच्या बेतात आलंय!"

डेस खाकरला.

"बाई, स्वेटर कुठल्या रंगाचा म्हणालात?"