दिगूचं खरं वय

काकू, मंगलवहिनी आणि जमलेले तुम्ही सगळे,

दिगूचा सगळ्यात जुना मित्र म्हणून मला बोलायला उभं केलंय. नुसतं दुःख सांगायला उभा नाही, हे पुढं कळेलच. मला मध्ये थांबवू नका. थांबलो तर पुन्हा बोलणं व्हायचं नाय.

इथं फळ्यावर, दिगूच्या फोटोखाली, लिहिलंय: निधन २०१६, वय सेहेचाळीस. ते चुकलंय. लिहिणाऱ्याचा दोष नाही, सगळ्या कागदांवर तेच आहे.

आम्ही दोघं वैजापूरकडचे, एकाच गावचे. आपल्यातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला येतो. का येतो? जन्माची नोंद कुणाकडं होती? मास्तर सांगायचे, डोक्यावरून उजवा हात ने आणि डावा कान धर. हात पोचला की नाव दाखल. दिगू पहिल्यापासून उंच. त्याचा हात पोचला, वर कान पिळून दाखवला त्यानं. मास्तर म्हणाले, हा सात वर्षांचा. दिगू पाच वर्षांचा होता. काकू बसल्यात समोर, विचारा त्यांना. बहात्तरच्या दुष्काळात, तलावाच्या कामावर, खडीच्या ढिगाआड झालेलं पोर ते. कोणती आई ते वर्ष विसरेल?

माझाही कान त्याच दिवशी बघितला होता. ते मग सांगतो.

पुढं दोघंही शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एकाच कंपनीत लागलो. तो मशीन चालवणारे प्रोग्राम लिहायचा, मी माणसांच्या फायली सांभाळायचो. आम्ही लागलो तेव्हा गेटसमोर ज्वारी होती. आता ज्वारी नाही, तलावात पाणी नाही, आणि शहर मात्र वाढतंच चाललंय.

औंदा वरून हुकूम आला, प्रोग्रामचं काम व्हिएतनामला जाणार. तिथली माणसं तरुण आहेत, स्वस्त आहेत. दिगूनं त्यांना व्हिडिओवरून शिकवायचं. तीन महिने शिकवलं त्यानं, हातचं काही राखून न ठेवता. मी म्हणालो, अरे, तू तुझीच खुर्ची त्यांना उचलून देतोयस. तो म्हणाला, त्या लेकरांचा काय दोष? त्यांनीबी कुठंतरी कान धरूनच शाळा गाठली असंल.

पहिल्याच दिवशी तिथल्या एका मुलीनं त्याला वय विचारलं. त्यांच्यात वय कळल्याशिवाय माणसाला हाक मारता येत नाही म्हणे. दादा म्हणायचं का काका, ते ठरत नाही. दिगू म्हणाला, चव्वेचाळीस. मी शेजारी होतो. मी लगेच म्हणालो, नाही, सेहेचाळीस. फाईल पाठ होती ना मला. दिगूनं माझ्याकडं बघितलं आणि हसला. आज कळतंय, मी तेव्हा गप्प बसायला पाहिजे होतं.

मग दुसरा हुकूम आला, सगळ्या ऑफिसाला लागू. पंचेचाळीसच्या आतले चौघं देखरेखीला ठेवायचे, वरचे सगळे कमी. वहिनी, ती यादी साहेबांनी केली नाही. ती यादी मी केली. पहिलं नाव दिगूचं होतं.

तो माझ्या टेबलाशी आला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "पभ्या, तुला तरी ठाऊक हाय ना, मी दुष्काळातला हाय?"

मी म्हणालो, "मला कागद बघावा लागतो, दिगू."

"व्हय," म्हणाला, "बघ मग." आणि गेला.

त्यानंतर तो तीन ठिकाणी मुलाखतीला गेला. एका ठिकाणी पंचविशीतला पोरगा त्याला म्हणाला, सर, तुम्ही आमच्या टीममध्ये बसणार नाही. दिगूनं विचारलं, का, खुर्च्या कमी हायेत? तो पोरगा हसला, दिगूही हसला. नोकरी काही दिली नाही. घरी वहिनींना त्यानं सांगितलं की रजेवर आहे. खरं ना, वहिनी?

गेल्या सोमवारी सकाळी टँकरचा भोंगा वाजला. दिगू कळशी घेऊन निघाला आणि जिन्यातच बसला. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. मी डॉक्टरांशी वाद घालत नाही.

आता माझ्या कानाचं सांगतो.

माझा हात पोचला नव्हता. मी किडमिडा, कायम आजारी. मास्तर म्हणाले, याला पाचच लिहितो. मी सात वर्षांचा होतो. दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. दिगूच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. आमच्या वयाची अदलाबदल झाली होती, आणि गावाला माहीत होतं. आम्ही त्यावरून आयुष्यभर हसलो. तो मला चिडवायचा, पाया पड, कागदावर थोरला हाय मी.

म्हणजे बघा. खरं वय धरलं असतं तर दिगू राहत होता आणि मी जात होतो. दिगूला हे माहीत होतं. टेबलाशी उभा होता तेव्हाही माहीत होतं. तो एकच प्रश्न विचारू शकत होता, "आणि तू?" तो त्यानं विचारला नाही. मी वाट बघत होतो. तो म्हणाला असता तर मी काय केलं असतं? मला खरंच माहीत नाही. याची लाज वाटते मला.

मागच्या रांगेत आमचे साहेब बसलेत. साहेब, माझं खरं वय तुम्ही आत्ता ऐकलंत. उद्या सकाळी लेखी देतो. दिगूला त्याचा काही उपयोग नाही. तरी देतो.

वहिनी, माफी मागत नाही. ती मागायची जागा टेबलाजवळ होती, आणि माणूस तिथं उभा होता.

हे सेहेचाळीस मी पुसतोय. चव्वेचाळीस लिहितोय. काकू, आता बरोबर हाय?

काकू हो म्हणून मान हलवतायत.

सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. दिगू, आजपर्यंत कागदाच्या जोरावर पाया पडायला लावत होतास. आज खरा थोरला तुझ्या पाया पडतोय.