दादाच्या रिपोर्टवरचा आकडा

रोमन आकडे मी दरवर्षी पाचवीला शिकवतो, पण धडा मला मिळाला तो दादाकडून. दादा तुमसरच्या राईस मिलमध्ये हमाल. त्याच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर 'स्टेज IV' लिहिलं होतं. मी सांगितलं, "दुसरी स्टेज आहे, दादा." त्यानं नुसती मान हलवली.

आठवड्यानं गेलो, तर अंगणात बसून तो पोरीच्या गणिताच्या पुस्तकात बघत भाताच्या तणसाच्या काड्या मांडत होता.

"काय गुरुजी, पाचाच्या आधी एक काडी ठेवली तं किती होते?"

"चार."

"मंग मले दोन काहून सांगतलं?"

आत वहिनी भात रांधत होती. तिकडे बघत त्यानं काड्या गोळा केल्या आणि हळूच म्हणाला, "तुह्या वहिनीले दोनच सांगजो."