आमचा मॅलकी मयत चुकला

...नाही, मला एक सांगा, माणूस रस्ता चुकतो, बस चुकते, कुणाचं नाव चुकतं, एखादीचं नवरा निवडण्यात चुकतं, ते मी समजू शकते, माझं स्वतःचं चुकलंय... पण मयत चुकलेला माणूस बघितलाय तुम्ही? मयत हो! पेटीत आडवा पडलेला माणूस, जो हलत नाही, बोलत नाही, उठून दुसऱ्या खोलीत जात नाही, तो चुकायचा? बरं, चुकला तर चुकला, गुपचूप मागे फिरावं की नाही? छे! रडला! धाय मोकलून रडला! तोंड लपवायला जागा ठेवली नाही हो या पोरानं आम्हाला!

हो हो, तोच. तुम्ही ओळखलंत तोच. टीव्हीवर मरतो तो. मॅलकी टूमी, माझा सख्खा धाकटा भाऊ. दुकानात गेले की बायका विचारतात, "ब्रीज, परवा तुझा भाऊ पुन्हा मेला ना गं?" मी म्हणते, "हो, आता नाताळच्या सुमारास परत मरणार आहे, बघा जमलं तर." लोकांचे भाऊ पोलिसात जातात, बँकेत लागतात, अगदीच काही जमलं नाही तर ऑस्ट्रेलियाला जातात. आमचा मरतो. आणि ज्या दिवशी मरत नाही त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी पेटीमागे उभा राहून रडतो. याला म्हणायचं करिअर!

आता खरं सांगू का, यात आईचा दोष. देव तिचं भलं करो, पण दोष तिचाच. आमच्या मेयो जिल्ह्यात बातम्या झाल्या की रेडिओवर कोण कोण गेलं ते सांगतात. बातम्यांत जग बुडू दे, आईचं लक्ष नसायचं, पण त्या यादीच्या वेळी कुणी कपात चमचा फिरवला तरी डोळे वटारायची. आणि मग लगेच, "चला, कोट घाला!" कारण आमच्याकडे लग्नाला नाही गेलात तर लोक विसरतात, मयताला नाही गेलात तर तुमच्या नातवंडांना ऐकवतात. "तुमच्या आज्याला आम्ही खांदा दिला, आणि आमच्याकडे कोण आलं? कुत्रं नाही आलं!"

तर आजीची बहीण विनी गेली, तेव्हा मॅलकी एवढासा. त्याला माझे जुने बूट घातलेले, ते चावत होते, म्हणून हा भोकाड पसरून रडायला लागला. आता बायकांना काय माहीत बुटाचं? "अगं बाई, बघा कसा माया लावून होता विनीला!" विनीला हा आयुष्यात भेटला नव्हता! पण याला मांडीवर घेतलं, फळांचा केक दिला, लाल लेमोनेड दिलं, हातात हॅमचं सँडविच कोंबलं... झालं! पोराला चटक लागली. पुढे पुढे बूट नसले चावत तरी रडायचा. आणि आई त्याला मिरवायची हो! "आमचा मॅलकी फार हळवा." हळवा कसला, अधाशी मेला!

शाळेच्या नाटकात याला मेंढपाळ केला. बाळ येशू जन्माला आला, सगळे आनंदाने गातायत, आणि हा कोपऱ्यात ओक्साबोक्शी रडतोय! पुढे गावच्या नाटकमंडळींत शिरला. आता आमच्याकडच्या नाट्यस्पर्धेची एक रीत आहे. परीक्षक गुण देऊन मुकाट घरी जात नाही. पडदा पडला की तो त्याच स्टेजवर चढतो आणि अख्ख्या गावासमोर एकेकाची सालटी काढतो. त्या वर्षीचा परीक्षक गळ्यात मफलर घातलेला, चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणाला, "या तरुणाचे अश्रू उत्तम आहेत. कशासाठी आहेत, ते मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही." सगळं सभागृह हसलं! मॅलकीचे कान लालभडक! आणि मागे दाराशी टोपी हातात घेऊन आमचे बाबा उभे. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाले, "हे तर मीही सांगितलं असतं."

बाबा म्हणजे जार्लथ टूमी. गुरं, गवत आणि रविवारची चर्चमधली मिस्सा, याच्या बाहेर जग आहे हे त्यांना मान्यच नव्हतं. कौतुक हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही, आणि आमच्याकडे कुणाच्याच बापाच्या तोंडून कुणी ऐकत नाही, पोरं शेफारतात म्हणे. मॅलकी डब्लिनला गेला, पहिलाच सिनेमा मिळाला, दुष्काळावरचा. याला भुकेने मरायचं होतं. आणि हा आपला शूटिंगच्या जेवणाच्या गाडीवर तीनतीनदा ताट घेऊन! शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "तू जरा मागे पड." इतर जण पुढे हाडांचे सापळे होऊन पडलेत आणि मागे आमचं हे धष्टपुष्ट प्रेत! सगळं गाव पबमध्ये जमून बघत होतं. बाबांनी ग्लास खाली ठेवला, म्हणाले, "रडणं, मरणं... हे काम आहे का? हे तर सगळेच करतात." तोंड लपवायला जागा नाही हो!

मॅलकी वरून हसायचा, पण मला ठाऊक होतं ना. फोन केला की गुरांचं विचारायचा, हवेचं विचारायचा, आणि मग हळूच, "ताई, बाबांनी बघितलं का गं?" मी म्हणायचे, "बघितलं." "काही म्हणाले?" आता मी काय सांगू? बाबा म्हणाले, मरताना पापणी हलली तुझी!

आणि मग फेस्टस हेरटी गेला.

फेस्टस म्हणजे बाबांचा जिवाभावाचा मित्र... होता. एकदा फुटबॉलचा अंतिम सामना, बाबा गोलपाशी झेंडा घेऊन पंच, आणि फेस्टसने मारलेला चेंडू बाबांनी बाहेर दिला. गाव हरलं. फेस्टस म्हणाला, "आत होता." बाबा म्हणाले, "बाहेर होता." संपलं! आयुष्यभरासाठी संपलं! चर्चमध्ये हा डावीकडे, तो उजवीकडे. तुम्हाला माहितीये, आमच्याकडे रस्त्यावर दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. हात नाही, एकच बोट. तेवढ्यात नमस्कार, चौकशी, हवापाणी सगळं आलं. परक्या माणसालाही उचलतात. पण हे दोघे एकमेकांना तेवढं बोट द्यायला तयार नव्हते!

रेडिओवर फेस्टसचं नाव आलं तेव्हा बाबा अंथरुणाला खिळलेले, छातीत कफ, दोन पावलं टाकली की धाप. मला रेडिओ बंद करायला लावला. मग म्हणाले, "ब्रीज, चेंडू आत होता."

मी म्हटलं, "काय?"

"आत होता. मला तेव्हाच दिसलं होतं. आधी हात उचलला गेला, मग बदलायची लाज वाटली." आणि तोंड भिंतीकडे फिरवून म्हणाले, "मॅलकीला बोलाव. त्याला म्हणावं, माझ्या वतीने जा. फेस्टसच्या बायकोचा, डिलियाचा हात हातात घे, माझ्याकडून सांग. त्याला जमतं ते."

त्याला जमतं ते! अहो, आयुष्यात पहिल्यांदा! मी फोनवर सांगितलं तर मॅलकीने मला तेच वाक्य तीनदा म्हणायला लावलं. जन्मभर बाबांनी त्याला दिलेलं हे एकच काम. म्हणाला, "ताई, बघच तू. असा जाईन, असा बोलेन..." मी म्हटलं, "बाबा रे, नुसता जा."

संध्याकाळच्या बसने उतरला तो परस्पर तिकडेच. आता तालुक्याला मयत दर्शनाला ठेवतात तिथे खोल्या दोन. त्या दिवशी गेलेले पण दोन. एका खोलीत फेस्टस, दुसऱ्यात डोंगरापलीकडचा कुणी बार्टली गिल्डी, म्हातारा ब्रह्मचारी. दोन दारं, दोन रांगा. आणि आमचा हा नटसम्राट काय करतो? बसमधूनच रडायला सुरुवात! भूमिकेत शिरायचं म्हणे! डोळे भरले म्हणून चष्मा काढून खिशात घातला, आणि चष्म्याशिवाय त्याला गाय आणि गोठा यांतला फरक कळत नाही. लांब रांग बघितली, म्हणाला, एवढी गर्दी म्हणजे फेस्टसकाकाच! घुसला!

नुसता हात मिळवून पुढे सरकायचं असतं हो. "वाईट झालं", की पुढे. पण नाही! हा पेटीवर डोकं टेकून हंबरडा फोडतोय! मग काळे कपडे घातलेली पहिली म्हातारी दिसली तिचे दोन्ही हात धरून, "माझे बाबा मनातल्या मनात झुरले! तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही त्यांना! चूक त्यांची होती, आत होता, आत होता!" ती बार्टलीची बहीण, जन्मात लग्न न केलेली, ती बिचारी डोक्यावरचा रुमाल सारखा करत विचारते, "कोण झुरले? माझ्यासाठी?" सबंध खोली रडायला लागली. गिल्डी मंडळी तशी घुमी, बार्टलीसाठी कुणाच्या डोळ्यात टिपूस नव्हता, आणि हा कोण कुठला येऊन एवढा रडतोय म्हटल्यावर त्यांना भरूनच आलं. पुतण्या ओनी याला खांद्याला धरून हॉटेलात घेऊन गेला, सूप काय, कोंबडी काय, वर पुडिंग! आणि शेजारच्या दारात डिलियाकाकू बसलेली, टूमींच्या घरून कुणी येतंय का बघत.

घरी आला तो तरंगतच. बाबांच्या पलंगाशी बसला, म्हणाला, "बाबा, झालं काम. सगळी खोली रडली. फेस्टसकाकांच्या पुतण्याने तर मला सोडलंच नाही."

बाबा म्हणाले, "फेस्टसला पुतण्या नाही."

मी दारात उभी, हातात चहाचा ट्रे. मॅलकीचा चेहरा कसा उतरत गेला ते मी बघितलं, आणि तुम्हाला सांगते, टीव्हीवर इतक्यांदा मेला पण असा कधी मेला नाही. मी खूप बोलले त्याला. मी म्हटलं, "मी जाते उद्या फेस्टसकाकांच्या अंत्यविधीच्या मिस्साला." तर बाबा म्हणाले, "राहू दे. आता कुणी जायचं नाही." आणि डोळे मिटले. सकाळी मी मॅलकीला पहिल्या बसवर सोडलं. त्याने वर बघितलं नाही. मी तशीच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला गेले. सगळ्या गावाला कळलं, फेस्टस मेल्यावरसुद्धा टूमींनी वैर सोडलं नाही. तोंड लपवायला जागा नाही!

पानगळ सरली आणि बाबा गेले.

रांग लागली. घरची माणसं म्हणून आम्ही दोघं पेटीशेजारी उभे, आणि येणारा प्रत्येक जण माझा हात हातात घेतोय पण बघतोय मॅलकीकडे. आज काय करतो बघू! आणि मॅलकी? कोरडा! ठणठणीत कोरडा! रडायचा प्रयत्न करतोय, ओठ दाबतोय, काही येत नाहीये. मागे कुजबुज सुरू, "कॅमेरा नाही ना." "परक्यासाठी गंगा, बापासाठी थेंब नाही." मला वाटलं, पेटीत वाकावं आणि बाबांना म्हणावं, सरका जरा.

तेवढ्यात बाहेर बस थांबली. बस हो! आतून गिल्डी उतरले. सगळे गिल्डी! म्हातारी बहीण, ओनी, पोरंबाळं, डोंगरापलीकडचं अख्खं खानदान. आमच्या काकांसाठी हा एवढा रडला, आता आपणही गेलं पाहिजे म्हणे! ओळख ना देख, पण बाबांच्या पेटीपाशी असे रडले, असे रडले, की आमच्याच चुलत्यांना वाटलं जार्लथने डोंगरापलीकडे दुसरा संसार थाटला होता की काय! ती म्हातारी बाबांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणते, "शेवटी दिसलात!" मी जमिनीकडे बघत उभी. बघणार कुठे?

आणि सगळ्यात शेवटी डिलियाकाकू. लोकांनी तिला वाट करून दिली. मॅलकी पुटपुटला, "काकू, त्या दिवशी मी... बाबांनी मला पाठवलं होतं..."

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाली. "तुझा बाप आला होता."

"कुठे?"

"फेस्टसची पेटी त्या रात्री चर्चमध्ये ठेवली होती. उजाडता उजाडता, पहिली बस गेली तशी, मी जरा एकटी बसावं म्हणून गेले, तर दाराशी ट्रॅक्टर. पायजम्यावर कोट चढवून आला होता, श्वास पुरत नव्हता बिचाऱ्याला. मला काही बोलला नाही. पेटीसमोर उभा राहिला, आणि असं..." काकूने आपलं एक बोट उचललं. "एवढंच केलं. जाताना म्हणाला, डिलिया, पोरांना सांगू नकोस. काम मॅलकीला दिलं होतं, त्यानेच केलं असं धर. दार चुकला, पण रडला तो माझ्यासाठीच, आणि मला असं कधी रडता आलं नसतं."

झालं. मॅलकीचा बांध फुटला. आणि नटासारखा नाही हो, अजिबात नाही! नाक वाहतंय, तोंड वाकडं, वासरू हंबरतं तसा आवाज, मी धरलं नसतं तर पेटीवरच कोसळला असता. मीही रडले. उभ्या जन्मात त्याचं असं खरं रडणं मी पहिल्यांदा बघितलं, त्या मफलरवाल्याला बोलवून दाखवावं असं. मला वाटलं, निदान आज तरी गावाची तोंडं बंद झाली.

तर ओनी गिल्डी माझ्या कानाशी आला. हातात हॅमचं सँडविच. फार मायेने म्हणाला, "ताई, बरा रडला हं तुमचा भाऊ. पण राग मानू नका... आमच्या बार्टलीकाकांच्या वेळी जास्त मनापासून झालं होतं."

मी म्हटलं, "चहा घ्या."